पश्चिमेचं दार

२६ फेब्रुवारी १९८६

सूयुन,

दादाचा आशीर्वाद. कंदिलांचा सण पार पडला. तू पाठवलेले लोकरी मोजे आईला सैल होतात असं ती म्हणते, पण पायातून काढत नाही. गहू उशिरानं का होईना, हिरवा झाला आहे. भूमिदेवाच्या देवळीपुढे तुझ्या नावानं उदबत्ती लावली.

आता खरं सांगायचं ते सांगतो. आपल्या हेमिआओनं लग्न ठरवलंय. मला विचारून नाही, ठरवून मग सांगितलं. तिची आई असती तर तिला आधी सांगितलं असतं, बापाला शेवटी. मुलगा ट्रॅक्टर दुरुस्त करतो, हाताला काळं लागलेलं असलं तरी बोलणं स्वच्छ आहे. पण तो ओढ्यापलीकडचा आहे. छूंच्या घरातला. म्हाताऱ्या मानलियांगचा नातू.

तू कपाळाला हात लावला असशील. मीही लावला. पाटाच्या पाण्यावरून झालेल्या त्या मारामारीत मानलियांगचे वडील गेले आणि त्यापायी आपल्या आजोबांना तालुक्याच्या यामेनमध्ये, त्या जुन्या सरकारी कचेरीत, उभं करून मृत्युदंड दिला. बादशहाचं राज्य तेव्हा शेवटच्या घटका मोजत होतं. ते राज्य गेलं, पुढची दोन-तीन गेली, पण दोन गावांनी नगरदेवापुढे घेतलेली शपथ तशीच आहे. मुलगी द्यायची नाही, घ्यायची नाही.

आईला सांगितलं. ती टोफूसाठी सोयाबीन निवडत बसली होती. खडे काढत काढतच म्हणाली, "यामेन दुरुस्त करतायत म्हणे?"

मी म्हटलं, "हो. धान्याची पोती हलवली. तेरा एप्रिलला लोकांना बघायला उघडणार."

"मग त्या म्हाताऱ्याला सांग, तिथं ये. आरोपीच्या दगडावर सगळ्यांदेखत गुडघे टेक. मग मी मुलगी देते."

ते दोन दगड तुला आठवतील, कचेरीच्या मोठ्या दालनात फरशीत बसवलेले. फिर्यादीचा आखूड, आरोपींचा लांब, कारण आरोपी बहुधा घोळक्यानं असायचे. तो म्हातारा लांब दगडावर गुडघे टेकणार? त्यापेक्षा ओढा उलटा वाहील. मला वाटतं, आईनं ‘नाही’ म्हणायची ही रीत काढली आहे. काय करू ते कळव.

तुझा दादा,
छांगगेन


लान्झौ, १० मार्च

दादा,

तुझं पत्र गिरणीच्या फाटकाशी उभ्याउभ्याच वाचलं. माझ्याबरोबरच्या बायकांनी विचारलं, कुणी गेलं का गं? मी म्हटलं, नाही, आमच्याकडे जे गेलेत ते अजून जात नाहीत.

अरे, कुठल्या काळात राहता तुम्ही? ज्या खुर्चीसमोर ते गुडघे टेकायचे, तिच्यात बसणारा अंमलदारच राहिला नाही. पोरगी वीस वर्षांची, पोरगा कमावता. तू बाप आहेस. ‘हो’ म्हण आणि मोकळा हो. तू टोफूसारखा आहेस दादा, कुणीही कुठूनही कापावं.

आणि आईला तिथं नेऊ नकोस. तिच्या छातीचं काय ते तू लिहितच नाहीस. "मोजे काढत नाही" म्हणजे पाय गार पडतात, एवढं मला इथून समजतं. त्या दालनात जर त्या म्हाताऱ्यानं तिला चारचौघांत उलट सुनावलं आणि तिला तिथंच काही झालं तर?

हेमिआओची काळजी करू नकोस. ती शहाणी आहे, तिचं ती बघेल.

सूयुन


२२ मार्च

सूयुन,

टोफू म्हणालीस, ते लागलं नाही. टोफू दाबल्याशिवाय धरत नाही, हे तू विसरलीस.

मी ओढा ओलांडून गेलो. जन्मात पहिल्यांदा. हातात पानात बांधलेला ताजा टोफू घेतला होता. मानलियांग अंगणात उन्हाला बसून टोपली विणत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "या, लुआनसाहेब. वाट चुकली की शेळी हरवली?"

"काका, बोलायला आलोय."

"तुमच्याकडची माणसं बोलायला येतात होय? आम्हाला वाटायचं, फावडी घेऊनच येतात."

 मी टोफू तिथल्या चौरंगावर ठेवला. त्यानं हात लावला नाही. सुनेलाही लावू दिला नाही. मग मी आईचा निरोप जसाच्या तसा सांगितला. त्याचा चेहरा बघवेना. हातातली कामटी मोडली.

"येईन म्हणावं," तो म्हणाला. "गुडघेही टेकेन. या वयात कसे टेकतील ते माझं मी बघेन. पण आखूड दगडावर. बाप माझा मेला, यामेनच्या दारातला फिर्यादीचा ढोल माझ्या आईनं वाजवला. फिर्यादी आम्ही."

"काका, ढोल आमच्या आजोबांनी वाजवला होता. पाट तुम्ही फोडला म्हणून."

"मग दोघांनीही वाजवला असेल! ढोलाला काय, कातडंच ते."

निघताना त्यानं मला हाक मारून थांबवलं. कामटीकडे बघत विचारलं, "ती बरी आहे का?"

"कोण, आई?"

"तिच्या माहेरी माझं आजोळ. पोरवयात एकाच झाडाची बोरं पाडली आम्ही. ती वर, मी खाली. टाकताना नेम धरून डोक्यावर टाकायची." मग एकदम भानावर आल्यासारखा खेकसला, "जा आता. आणि हे तुमचं पांढरं घेऊन जा." टोफू मी परत आणला. ओढ्याच्या काठी बसून एकट्यानं खाल्ला. टाकवेना.

परतताना तालुक्याला वाकडी वाट करून यामेन पाहून आलो. आईला किती पायऱ्या चढायला लागतील, उंबरे किती उंच, ते बघायचं होतं. रंगारी कामाला लागलेत. दालनात अंमलदाराची रिकामी खुर्ची, मागे भिंतीवर लाटा आणि लाल सूर्य नव्यानं रंगवलाय. दालनाच्या अंगणापुढच्या दुसऱ्या फाटकाला तीन दारं आहेत. मधलं अंमलदारांचं. पूर्वेचं तुमचं-आमचं. आणि पश्चिमेचं, ज्यातून शिक्षा झालेल्याला तुरुंगाच्या बोळात नेत. लहानपणी आपण त्याच्याकडे पाठ करून पळायचो. तिथं धान्य साठवत तेव्हाही हमाल पोती घेऊन वळसा घालून जायचे. आता त्याचं कुलूप काढलंय. एका रंगाऱ्याला म्हटलं, आता जातं का कुणी यातून?

"साहेब सांगतात, ही अंधश्रद्धा आहे," तो म्हणाला. "आम्ही म्हटलं, साहेब, तुम्ही व्हा पुढं, आम्ही आलोच मागून. अजून साहेब गेले नाहीत, आम्हीही नाही."

"आणि चुकून कुणी गेलं तर?"

"तर त्यानं पलीकडे जागच्या जागी उभं राहायचं. कुणीतरी पूर्वेच्या दारात उभं राहून त्याला नाव घेऊन हाक मारायची, घरी ये म्हणायचं. नावच घ्यायला हवं. नुसतं ‘बाबा’, ‘आजी’ म्हणून भागत नाही. पलीकडे कुणाकुणाचे बाबा आहेत."

तो हसला. मला हसू आलं नाही.

आईच्या छातीचं विचारलंस. चढ आला की थांबते. एवढंच.

आणखी एक. उन्हाळा तोंडावर आलाय आणि हेमिआओनं कापसाचा जाड कोट धुऊन, वाळवून गाठोड्यात बांधून ठेवलाय. लान्झौला अजून थंडी असते ना गं?

छांगगेन


लान्झौ, ४ एप्रिल

दादा,

असते. थंडी असते.

तुला कळलंय, तर आता लपवून काय उपयोग? पोरीनं मला माघातच लिहिलं होतं. मीच म्हटलं, ये, दोघं या, गिरणीत काम लावते. तेरा तारखेला यामेनमध्ये फिसकटलं तर तिथूनच दोघं संध्याकाळची पश्चिमेची आगगाडी पकडणार आहेत. तिकिटं मुलाकडे आहेत. तुला न सांगण्याची शपथ तिनं मला घातली होती. ती मी आत्ता मोडली. तिला अडवू नकोस. अडवलीस तर ती लान्झौलाही येणार नाही, आणखी कुठं जाईल. मीही अशीच निघाले होते, तेव्हा तू आडवा आला नाहीस. म्हणून तर आजही तुला पत्र लिहिते.

‘एवढंच’ म्हणजे किती तेही कळलं.

पण तुझ्या रंगाऱ्याच्या बोलण्यानं मला रात्रभर झोप नाही. दादा, बाबांनी मला एक गोष्ट सांगितली होती. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी पंख्यानं वारा घालत होते तेव्हा. तुला सांगायची नाही म्हणाले. मुलगा असं ऐकून आयुष्यभर पाठीवर वाहत बसतो.

आजोबांना नेलं तेव्हा बाबा सात वर्षांचे होते. पूर्वेच्या दारात उभे होते. घरचं दुसरं कुणी तिथवर पोचलंच नव्हतं. शिपायांनी आजोबांना पश्चिमेच्या दारातून काढलं आणि बाबांना कुणीतरी सांगितलं, हाक मार, हाक मार. पण बापाचं नाव कसं घ्यायचं? तोंडातून येईना. म्हणून ते "बाबा! बाबा!" ओरडले. शिपाई हसायला लागले. एक म्हणाला, "अरे, इथं सगळेच कुणाचे ना कुणाचे बाबा!"

बाबा म्हणाले, "मी नाव घेतलं असतं तर ते निदान मेल्यावर घरी आले असते. ते अजून त्या बोळात उभे आहेत."

हे आईला ठाऊक आहे. मला वाटतं, तिला फक्त हेच ठाऊक आहे. त्या म्हाताऱ्यावरचा तिचा राग मला आता निराळाच दिसतो. तिला जपून ने. किंवा नेऊच नकोस. काय सांगावं ते मला समजत नाही.

सूयुन


१६ एप्रिल

सूयुन,

तुझ्या पत्रानंतर मी हेमिआओला काही बोललो नाही. तेरा तारखेला सकाळी ती गाठोडं घेऊन बैलगाडीत बसली तेव्हा मी फक्त म्हटलं, "वर ठेव, पायात येईल." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं ते वर ठेवलं.

आई पुढं बसली होती. निळा सदरा, तुझे मोजे. वाटेत दोनदा तिला धाप लागली. मी गाडी थांबवली की म्हणायची, "बैल दमला का तू?"

यामेनपुढे जत्रेसारखी गर्दी. ढोल वाजवून फोटो काढणाऱ्यांची रांग लागली होती. मानलियांग आधीच आला होता, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. नवे कपडे घातले होते. मी हात जोडले. त्यानं मान वळवली. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "म्हातारा झालास."

"तू काय कोवळी आहेस?" तो म्हणाला.

दालनात गेलो. माहिती सांगणाऱ्या मुलीनं दगड दाखवले, आखूड, लांब, नीट समजावून सांगितलं. तिचं संपायच्या आत दोघं म्हातारे चालू लागले आणि दोघंही आखूड दगडाशी जाऊन थांबले.

"तो तुझा," आई म्हणाली. लांब दगडाकडे बोट.

"माझा बाप मेला."

"माझा सासरा मेला. नवरा जन्मभर अर्धा मेलेला होता."

"पाट कुणी फोडला?"

"फावडं कुणी उचललं?"

लोक जमले. कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, नाटक ठेवलंय वाटतं, छान करतायत. माहितीवाली पोरगी घाबरून म्हणाली, "आजी, आजोबा, आता इथं निकाल देत नाहीत. खुर्चीत बसून फोटो तेवढा काढता येतो."

मानलियांगनं गुडघे टेकले. आखूड दगडावरच. टेकताना त्याच्या तोंडून आवाज निघाला, दुखण्याचा. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि माझा हात धरून त्याच्या शेजारी, त्याच दगडावर गुडघे टेकले. दगड एका माणसाचा. दोघांचे खांदे एकमेकांना लागले होते, तरी कुणी सरकेना. समोर रिकामी खुर्ची, बाजूला लांब दगड तसाच मोकळा. मी मनात भूमिदेवाचं नाव घेत होतो. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल आणि सगळं मिटेल. पण मानलियांग खुर्चीकडे बघत होता, आई जमिनीकडे. मग आई म्हणाली, "झालं. उठव मला."

मागे वळून पाहिलं तर हेमिआओ आणि तो मुलगा एकमेकांकडे बघत होते. त्यानं खिशाला हात लावला. तिनं गाठोडं काखेत घेतलं.

सूयुन, त्या क्षणी मी मुलीला बघत होतो, म्हणून आईला बघितलं नाही. हात सुटल्याचं कळलं तेव्हा ती अंगणाच्या मध्यावर पोचली होती. पूर्वेकडे नव्हे. मी धावलो. माहितीवाली पोरगी "आजी, तिकडून नाही" म्हणाली आणि स्वतःच थांबली. आईनं पश्चिमेच्या दाराचा उंबरा ओलांडला. दोन्ही हातांनी चौकट धरून, एकेक पाय उचलून. आणि पलीकडे बोळात, भिंतीला हात टेकवून, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

बाहेरगावचे लोक सोडले तर प्रत्येकाला ठाऊक होतं काय झालंय ते.

मी पूर्वेच्या दारात गेलो आणि "आई!" म्हणून ओरडलो. गर्दीतल्या चार म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं.

आईनं नाही पाहिलं. तिचे खांदे वरखाली होत होते. मला दिसत होतं, तिला श्वास पुरत नव्हता. मी आत जाऊन तिला उचलून आणणार होतो, तेवढ्यात ती न वळताच बोलली. "हात लावू नकोस. मी एकटी नाहीये."

तेव्हा मला बाबा समजले. सात वर्षांचे, त्याच जागी. माझ्या तोंडात तिचं नाव होतं. जिभेवर होतं. सूयुन, मी अट्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि ते बाहेर पडेना. पडलं असतं तरी चाललं नसतं. पोरानं नाव घेऊन बोलावलेली आई कुठल्या तोंडानं घरी येणार? हेमिआओ रडत होती. तिला तर तो अधिकार माझ्याहूनही कमी. आणि गर्दीत आईचं नाव ठाऊक असलेलं होतं कोण? गावात ती छांगगेनची आई. त्याआधी लुआनांची सून. नावानं हाक मारणाऱ्या तिच्या मैत्रिणी, जावा, नणंदा सगळ्या टेकडीवर मातीत आहेत.

मागून काठीचा आवाज आला. मानलियांग. नातू त्याला धरायला गेला तर त्याला त्यानं ढकललं. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. ओठ हलत होते. त्याच दारातून गेलेल्या माणसानं त्याच्या बापाला मारलं होतं, आणि तो बोळात कुणाला उभा दिसत होता, ते मला ठाऊक नाही. मी त्याला विनवलं नाही. विनवायचा हक्क मला नव्हता.

मग त्यानं हाक मारली.

नाव मी इथं लिहीत नाही. गव्हात दाणा भरतो त्या दिवसांवरून ठेवलेलं तिचं नाव, तुला ठाऊकच आहे. पण तू ते कधी ऐकलं नाहीस. मीही नव्हतं ऐकलं. पोरानं झाडाखालून वर बघून हाक मारावी तशी हाक. म्हाताऱ्याचा आवाज फाटला, पण नाव स्पष्ट होतं. "घरी ये! जे कुणी बरोबर असतील त्यांना घेऊन ये!"

आईनं मान वर केली. तिथून तिचा आवाज आला, "आले."

भिंत धरून धरून ती आमच्यापर्यंत आली. मी आधार द्यायला पुढं झालो, तर तिनं मधे थोडी जागा सोडायला खुणावलं. त्या जागेतून कुणीतरी आधी जावं तशी ती थांबली, मग चालली. मानलियांगही बाजूला झाला. त्यानं मान खाली घातली होती.

परतीच्या वाटेवर आईनं गाडीत आपल्या शेजारी कुणाला बसू दिलं नाही. मी विचारलं, "गुडघे टेकायचं मग कशाला सांगितलंस? नुसतं ये म्हणाली असतीस."

"नुसतं बोलावलं असतं तर आला असता का? राग आल्याशिवाय छूंच्या घरातलं कुणी उंबऱ्याबाहेर पडत नाही."

"आणि त्यानं हाक मारली नसती तर?"

तिनं तुझे मोजे वर ओढले.

हेमिआओ गाडीत माझ्या मागं बसली होती. संध्याकाळची आगगाडी सुटल्याची शिट्टी आम्ही तिघांनी ऐकली. गाठोडं वर होतं.

घरी आल्यावर आईनं ज्वारीची पेज करायला लावली आणि एक वाटी जास्त घ्यायला सांगितली. ती वाटी बाबांच्या तसबिरीपुढे नाही, जेवायच्या चौरंगावर, तिच्या उजव्या हाताला ठेवली. खायच्या काड्या नीट जुळवून वर ठेवल्या. वाफ जाईपर्यंत आम्ही जेवलो नाही.

मग तिनं हेमिआओला हाक मारली. पोरगी समोर येऊन उभी राहिली, मान खाली.

"उद्या ओढ्यापलीकडे जा," आई म्हणाली. "तुझा बाप टोफू देईल तो घेऊन जा, या वेळी ठेवून घेतील. आणि त्या म्हाताऱ्याला माझा निरोप सांग. म्हणावं, एकदा घेतलंस नाव, घेतलंस. पुन्हा घेतलंस तर याद राख. व्याह्यानं विहिणीला नावानं हाक मारायची आपल्याकडे रीत नाही."

तुझा दादा,
छांगगेन